चौदा पदार्थांचं ताट

"हे बसवलं कुणी?" पेरीनबाईंनी विचारलं.

गिटारवरचा माझा चौथा पीस नुकताच संपला होता. जात्यावरच्या ओवीची चाल होती ती. अंगठा जाड तारांवर जात्यासारखा एकसारखा फिरत राहतो, आणि बारीक तारांवर बाकीची बोटं ओवी म्हणतात. दुपारचे अडीच वाजले होते. पाचगणीतल्या त्या जुन्या हॉटेलच्या जेवणघरात टेबलं पुसून खुर्च्या उलट्या ठेवलेल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या पेरीनबाई माझ्यापासून दोन हातांवर बसून माझ्या बोटांकडे बघत होत्या. हॉटेल त्यांचं होतं आणि नोकरी द्यायची की नाही हेही त्याच ठरवणार होत्या.

"मी बसवलं," मी म्हणाले.

"आणि आधीची तीन?"

"तीही मीच."

घरून निघताना खोटं बोलायचं ठरवलेलं नव्हतं, एवढं आज तेवीस वर्षांनी सांगू शकते. त्याने फरक काही पडत नाही म्हणा. पण जाहिरातीत अगदी स्पष्ट लिहिलं होतं. रोज चहाच्या वेळी, चार ते पाच, पाहुण्यांसाठी गिटार वाजवणारी व्यक्ती पाहिजे. तासाभरात एकही चीज दोनदा वाजता कामा नये आणि वादन स्वतः बसवलेलं असावं. आधीचा गिटारवाला सिनेमाची तीच सात गाणी रोज दळायचा, त्याला बाई विटल्या होत्या. मी तिथे "माझ्या सरांनी बसवलं" असं म्हणाले असते, तर पुढचं वाक्य "मग सरांनाच पाठव" हे आलं असतं. निदान मला तसं वाटलं.

आणि मला ती नोकरी हवीच होती. मी वाईची, सुचेता पिसाळ. बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली होती आणि वडिलांनी शेवटची मुदत दिली होती. दिवाळीपर्यंत या लाकडातून काही निघालं तर ठीक, नाहीतर साताऱ्याला आत्याच्या यजमानांच्या पतसंस्थेत चिकटायचं आणि गिटार माळ्यावर टाकायची. वडील आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. म्हणतील ते करून मोकळे होणाऱ्यांतले होते. दिवाळीला सतरा दिवस उरले होते.

ज्यांनी ते सगळं बसवलं होतं ते आल्हाट सर. विल्यम आल्हाट. मूळचे नगरचे, पण पाचगणीच्या एका शाळेत संगीताच्या मास्तरांचे मदतनीस म्हणून आले ते इकडचेच झाले. मदतनीस म्हणजे वाद्यं पुसायची, तारा बदलायच्या आणि पोरांना वाजवायला लावायचं. स्टेजवर मास्तर बसत. पुढे शाळेने संगीताचा तास कमी केला, तेव्हा सर खाली वाईला येऊन गणपती आळीत दोन खोल्या घेऊन राहिले. तिथे मी आठ वर्षं शिकले, मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी पाच वाजता. सुरुवातीला आम्ही नऊ जण होतो. मग कीबोर्डाची लाट आली आणि शेवटी मी एकटी उरले.

फिंगरस्टाइल म्हणजे काय, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. तारा छेडायला हातात प्लास्टिकचं पिक धरायचं नाही. अंगठ्याने खर्ज सांभाळायचा, उरलेल्या बोटांनी चाल म्हणायची, म्हणजे एकाच बाईने पोळ्याही लाटायच्या आणि वाढायचंही. स्वयंपाकाशिवाय सरांना उपमाच सुचायची नाही, कारण लग्न केलं नव्हतं आणि सगळं स्वतःच रांधत होते. पीसला ते पदार्थ म्हणत. चौदा पदार्थांचं ताट झालं की मधल्या तारा जुळवण्यासकट बरोबर एक तास भरतो, असा त्यांचा हिशोब होता.

ताट वाढण्याचे त्यांचे नियम कडक होते. आधी मीठ, म्हणजे एका मिनिटाची साधी चाल. त्याने हात बसतो आणि ऐकणाऱ्यांचं बोलणं थांबतं. मग चर्चमधल्या प्रार्थनेसारखं काहीतरी संथ. मग एकदम ब्लूज. लावणीच्या ठेक्यावर बेतलेला एक पदार्थ होता, एक वॉल्ट्झ होता, एक अंगाई होती, भूपातली एक गत होती आणि एक रॅगटाइम होता. तो रॅगटाइम वाजवताना माझा अंगठा आणि बोटं सवतींसारखी भांडत. एका पट्टीतले दोन पदार्थ शेजारी आलेले त्यांना खपत नसत. मला सोळाव्या वर्षी उदास चालींचं वेड लागलं, तेव्हा मी तिसरी उदास चाल मागितली. सर म्हणाले, "पोरी, नुसती बासुंदी वाढलीस तर पाहुणा तिसऱ्या वाटीला उठून जाईल." आणि मला पोल्का नाचाची उडती चाल शिकवली.

कागदावर काही नसायचं. सर समोर गुडघ्याला गुडघा लावून बसत. त्यांचा हात बघायचा आणि तसाच हात करायचा. पदार्थ पूर्ण बसला की त्याच्याशी त्यांचा संबंध संपे. नवा मात्र सहा-सहा महिने मिळत नसे.

म्हणून माझ्या डोक्यात एक किडा शिरला होता. गवयांच्या गोष्टी ऐकल्या होत्या मी. गुरू शेवटची चीज स्वतःपाशी ठेवतो म्हणे. मला खात्री होती की सरांनीही काहीतरी राखून ठेवलंय. शिकवणीला मुद्दाम दहा मिनिटं आधी जायचे, चपला कोपऱ्यावरच काढून हातात घ्यायचे आणि दाराशी कान लावायचे. आत सर एकटे वाजवत असायचे. दरवेळी ते मला शिकवलेलंच काहीतरी असायचं. माझी चाहूल लागली म्हणून त्यांनी बदललं, असं मी समजायचे. माणूस स्वतःला किती हुशार समजतो याला काही सुमार नाही.

बाहेर वाजवण्याचं विचारलं तेव्हा सर म्हणाले होते, आणखी सहा महिने थांब. माझ्याकडे सतरा दिवस होते. म्हणून पाचगणीचं त्यांना सांगितलंच नाही. गुरुवारची मुलाखत होती, आणि शिकवणी कशी चुकवावी या काळजीत मी असताना मंगळवारी तेच म्हणाले, गुरुवारी येऊ नकोस, मला साताऱ्याला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय. मला हायसं वाटलं. दात फार दुखतात का, एवढंही मी विचारलं नाही.

तर पेरीनबाईंनी माझे सहा पदार्थ ऐकले. चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही. म्हणाल्या, "चांगलं आहे. मागे व्हरांड्यात थांब, चहा घे. तीन वाजता अजून एक जण आहे. त्यांचं ऐकते आणि मग सांगते."

मागच्या व्हरांड्यात मला चहा आणि दोन नानखटाया मिळाल्या. मी मनातल्या मनात वडिलांना बातमीही देऊन टाकली होती. तेवढ्यात आतून गिटार ऐकू आली.

मीठ. माझं मीठ, तीच एका मिनिटाची चाल. पहिल्यांदा मला वाटलं, बाईंनी गुपचूप माझं टेप करून घेतलं आणि आता परत ऐकतायत. मग ती प्रार्थनेसारखी चाल सुरू झाली आणि मी कप खाली ठेवला. टेप नव्हती ती. मी इतकं चांगलं कधीच वाजवलं नव्हतं. खर्ज असा गोल आणि भरलेला येत होता की जेवणघराच्या काचा त्याला साथ देत होत्या. असा अंगठा मला ठाऊक असलेल्या जगात एकाच माणसाचा होता.

दार अर्धवट उघडं होतं. सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते. गळ्यात टाय होता. आठ वर्षांत मी त्यांना टायमध्ये पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारा बदलत आलेला, पहिल्यांदा स्वतः कुणासाठी तरी वाजवत होता. साताऱ्याचा दातांचा डॉक्टर कुठला, हे मला तेव्हा कळलं. मी पुढे झाले नाही आणि मागेही गेले नाही.

ब्लूज झाला. ओवी सुरू झाली. ओवीच्या मध्यावर पेरीनबाईंनी हात वर केला.

"थांबा," त्या म्हणाल्या. आणि दाराकडे न बघताच म्हणाल्या, "तूही आत ये, मुली."

मी आत गेले. सरांनी डोळे उघडले. मला पाहून ते आधी नुसतेच चकित झाले, मग हसायला लागले, घरचं माणूस परगावी अचानक भेटल्यावर हसतो तसे. ते हसू बाईंच्या पुढच्या वाक्यापर्यंतच टिकलं.

"ही मुलगी म्हणते, हे सगळं तिनं बसवलंय. तुम्ही तेच वाजवताय, तिच्याच क्रमाने. कुणीतरी मला नीट सांगा."

मी बोलायला हवं होतं. दोन शब्द पुरेसे होते. तोंड उघडलंही मी, पण डोळ्यांपुढे साताऱ्याची पतसंस्था आली आणि माळा आला. सर माझ्याकडे बघत होते. मी चुकीचा स्वर लावला की ते असेच थांबून वाट बघत. मी दुरुस्त करते का ते बघत. मी खाली फरशीकडे पाहिलं.

"खरं आहे, बाई," सर म्हणाले. "हिचंच आहे ते. मी हिच्या शेजारीच राहतो. रोज खिडकीतून ऐकू येतं. ऐकून ऐकून माझा हात बसला."

आमच्या दोन घरांच्या मध्ये अख्खी कृष्णा नदी होती. मी खुर्चीची पाठ धरली. मनात येत होतं की आता ते हसतील आणि म्हणतील, गंमत केली. ते हसले नाहीत.

"या वयात एका पोरीचं उचलता तुम्ही?" पेरीनबाई म्हणाल्या.

"चूक झाली."

"मग स्वतःचं काही वाजवा. एक तरी असेल ना, जे हिचं नाही?"

माझे कान टवकारले, खोटं का सांगू. एवढ्या सगळ्यातही माझ्या मनातला किडा वळवळला. आता निघेल, म्हटलं, ते राखून ठेवलेलं. सरांनी हात तारांवर ठेवला, दोन स्वर वाजवले आणि थांबले. तो अकरावा पदार्थ होता. पुन्हा जरा विचार करून दुसरीकडून सुरुवात केली. तो नववा होता. मग त्यांनी अख्खा तळवा तारांवर ठेवला आणि आवाज बंद केला.

"नाही, बाई," ते म्हणाले. "आहे ते एवढंच."

त्यांच्याकडे पंधरावा पदार्थ नव्हता. चौदाच होते आणि चौदाही त्यांनी मला देऊन टाकले होते. सहा-सहा महिने मला नवा मिळत नव्हता, कारण तो त्यांच्याकडेही नव्हता. ते आधी बसवत होते, आणि तयार झाला की दुसऱ्याच गुरुवारी माझ्यापुढे ठेवत होते. हे सगळं मला त्या उलट्या खुर्च्यांमध्ये उभं राहून एका क्षणात कळलं, आणि थोबाडीत बसल्यासारखी मी बधिर झाले. रडूसुद्धा आलं नाही. सरांनी गिटार खोळीत घातली, बाईंना नमस्कार केला आणि माझ्याकडे बघून मान हलवली, शिकवणी संपल्यावर हलवत तशी. मग गेले.

ते फाटकाबाहेर पडेपर्यंत पेरीनबाई खिडकीतून बघत होत्या. मग म्हणाल्या, "डावा हात पुढे कर."

मी हात पुढे केला.

"करंगळी वाकव. आता सरळ कर. दुखते?"

"नाही."

"धड आहे तुझी करंगळी. मग वाजवताना ती उचलून का धरतेस? जिथे तिने स्वर घ्यावा तिथे शेजारचं बोट एवढं घसरत का जातं? मी पंधरा वर्षं पियानो शिकलेय. तू वाजवत होतीस तेव्हापासून मला हेच कळत नव्हतं. त्यांची करंगळी पाहिली आणि कळलं."

सरांची डावी करंगळी शाळेतल्या पियानोचं झाकण पडून कायमची ताठ झाली होती. ती मी आठ वर्षं बघत होते. पण आपण तिची नक्कल करतोय, हे मला त्या क्षणापर्यंत कधीच जाणवलं नव्हतं. हात बघायचा आणि तसाच हात करायचा, एवढंच मला ठाऊक होतं. मोडलेल्या बोटाभोवती बसवलेलं वादन मी धडधाकट हाताने जसंच्या तसं उचललं होतं.

"तुमचं नातं काय, मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण मी तुला दोनदा विचारलं. एकदा एकटीला, एकदा त्यांच्यासमोर. तू खरं सांगितलं असतंस तर मी दोघांना ठेवणार होते, तीन दिवस ते, तीन दिवस तू. माझी रोजची माणसं आठवडाभर राहतात, त्यांना एकच हात ऐकून कंटाळा येतो. आता जा आणि त्यांना घेऊन ये. ते आले तर दोघांना नोकरी. नाही आले तर कुणालाच नाही."

मी धावत सुटले. गिटारही तिथेच राहिली. बाजारातून एस.टी. स्टँडपर्यंत लोक वळून बघत होते. वाईची गाडी लागलेली होती आणि सर रांगेत शेवटून तिसरे होते. टाय त्यांनी काढून खिशात कोंबला होता, त्याचं टोक बाहेर लोंबत होतं.

मी त्यांची बाही धरली. धापा टाकत कसंबसं सांगितलं की बाईंनी परत बोलावलंय, दोघांनाही ठेवतायत, हे सगळं तुमचं आहे हे त्यांना कळलंय. रांग पुढे सरकली. सर जागचे हलले नाहीत.

"त्यांना कळलं?" ते म्हणाले. आणि मग, अगदी हळू, "तू सांगितलंस?"

त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. मी त्यांच्यासमोर कधी कधी फार चांगलं वाजवलं होतं. रॅगटाइम पहिल्यांदा न अडखळता झाला त्या दिवशी त्यांनी मला शिरा करून घातला होता. पण असा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधीच पाहिला नव्हता. त्यांना नोकरीचं काही पडलेलं नव्हतं. ते फक्त माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी नाही म्हणाले असते तर काय झालं असतं, ते आले असते की त्या गाडीत चढले असते, मला खरंच माहीत नाही.

"हो," मी म्हणाले.

"मला वाटलंच," सर म्हणाले. "आधी घाबरलीस, एवढंच." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, भर स्टँडवर, लोकांसमोर.

आम्ही दोघांनी त्या हॉटेलात अकरा वर्षं वाजवलं. माझं ताट पुढे तीसवर गेलं, सरांचं एकवीसवर, आणि त्यांतले चार मी त्यांना शिकवले. वडिलांनी पतसंस्थेचं नाव पुन्हा काढलं नाही. सर गेले त्याला आता सहा वर्षं झाली. पेरीनबाई त्यांच्या आधीच गेल्या. त्यामुळे हे ठाऊक असलेलं आता कुणी नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना सर आवर्जून त्या दिवसाची गोष्ट सांगायचे. वाजवायला कुणीही शिकतं, म्हणायचे, पण हिच्यासारखं ऐन वेळी खरं बोलायला शिका. मुलं माझ्याकडे बघायची.

पहिल्यांदा त्यांनी ती सांगितली दिवाळीनंतरच्या सोमवारी. आमचा दोघांचा तो पहिला दिवस, म्हणून बाईंनी दोघांनाही बसवलं होतं. पंचवीसेक पाहुणे होते, बरेचसे मुंबईचे. सर उभे राहिले, टाय सारखा केला आणि म्हणाले, "मी आज इथे आहे तो या मुलीमुळे. हिला एकटीला नोकरी मिळत होती. ती माझ्यासाठी परत आत गेली आणि खरं काय ते सांगून आली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेरीनबाई किटली घेऊन पहिल्या टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांनी कपात चहा ओतणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. नुसत्या थांबल्या. टाळ्या संपल्या तरी थांबून राहिल्या.

मी मान खाली घातली आणि तारा जुळवायला लागले. तारा जुळलेल्याच होत्या.